बारा वर्षं अर्धी धून

नॉटिंगहॅममधल्या आमच्या घरात बारा वर्षं एक धून अर्धीच वाजत होती. एक सूर, मग रिकामी जागा, मग दोन सूर, पुन्हा रिकामी जागा. शेजारच्या इंग्रज आजींनी एकदा कुंपणावरून विचारलंही, "तुझ्या त्या वाद्यात काही बिघाड आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, ते तसंच असतं." त्यांना काही ते पटलं नाही. बायकोलाही पटलं नसावं, पण ती वॉर्डात आयुष्य काढलेली नर्स. माणसांच्या विचित्र आवाजांकडे दुर्लक्ष करायचं तिला ट्रेनिंगच आहे.

वाद्याचं नाव सिकू. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं. बोरूच्या लहानमोठ्या नळ्या एका ओळीत बांधायच्या आणि रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकतो तसं एकेका नळीवर फुंकायचं. खरी गंमत पुढेच आहे. या नळ्यांच्या ओळी दोन असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. सा माझ्याकडे, रे तुमच्याकडे, ग पुन्हा माझ्याकडे. पुढे चालणाऱ्या ओळीला इरा म्हणतात, मागून उत्तर देणारीला आर्का. एकट्याने कितीही जीव तोडून फुंकलं तरी अर्धीच धून निघते. इरा माझ्याकडे होती. आर्का होती माझ्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधल्या एका बाईंकडे.

बाई बोलिव्हियाच्या. मोठ्या तळ्याकाठचं त्यांचं गाव इतक्या उंचावर, की नवख्या पाहुण्याला चार पायऱ्या चढताना धाप लागते. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचो, त्या मला दुपारी जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, वाढायच्या. कित्येक वर्षं आमचं संभाषण "बीन्स?" आणि "येस, प्लीज" यापुढे गेलं नव्हतं. मग एका सुट्टीच्या दिवशी मार्केट स्क्वेअरमध्ये एकजण रंगीत शाल पांघरून सिकू वाजवताना दिसला. त्याने दोन्ही ओळी एकमेकींना बांधून टाकल्या होत्या, मागे स्पीकरमधून ढोल आणि गिटार चालू होतं, समोर गर्दी. मी थबकलो. शेजारी पाहतो तर कॅन्टीनमधल्या बाई, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, आणि चेहरा असा की त्यांच्या स्वयंपाकघरात कुणी चपला घालून शिरलंय.

"छान वाजवतो ना?" मी विचारलं.

"छान वाजवतो," त्या म्हणाल्या. "पण याचा जोडीदार कुठे आहे?"

मग त्यांनी पिशव्या खाली ठेवून मला तिथेच इरा आणि आर्का समजावून सांगितलं. म्हणाल्या, गाव सोडल्यापासून मी माझी ओळ कपाटात ठेवलीय, दुसरी ओळही तिच्या शेजारीच पडलीय, आणि वाजवायला इथे कुणी नाही. मी पटकन बोलून गेलो, "मला थोडं संगीत येतं."

हे थोडं संगीत म्हणजे पेटी. दापोडीला आमच्या वस्तीत गायन पार्टी होती. जयंतीचा महिना आला की रोज एका वस्तीत जलसा. ट्रकच्या ताडपत्र्या अंथरून समोर सगळी वस्ती बसलेली, स्टेजवर मुख्य गायक, ढोलकीवाला, पेटीवर मी आणि मागे कोरस. कोरसमध्ये डावीकडून तिसरी मुलगी निळ्या काठाची पांढरी साडी नेसायची आणि गायकाने टाकलेली ओळ अशी उचलायची की मला पट्टीवरची बोटं बघावीशी वाटायची नाहीत. पुढे तिच्याशीच माझं लग्न झालं. तिला इथे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर मी आलो. हे मी चारचौघांत सांगत नाही. विमानात सामान जास्त होत होतं म्हणून पेटी ढोलकीवाल्या मित्राकडे ठेवली. पुढच्या वर्षी नेतो, पुढच्या वर्षी नेतो म्हणता म्हणता उंदरांनी भाता कुरतडला. मित्राचा फोन आला त्या दिवशी मी लॅबच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडलो. घरी सांगितलं, "जाऊ दे, जुनीच होती." कोरसमधली मुलगीही इथे आल्यावर गायची थांबली. कधी थांबली, माझ्या लक्षातही आलं नाही.

तर अशा माणसाच्या हातात बाईंनी सिकू दिला. कुठली ओळ हवी, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी अर्थातच पुढची मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "सगळे पुरुष तीच मागतात."

बीस्टनमधल्या एका चर्चचा मागचा हॉल शनिवारी सकाळी रिकामा असायचा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं फुंकलं आणि मला गरगरायला लागलं. बाईंनी खुर्ची दिली आणि म्हणाल्या, आमच्याकडे हवा विरळ असूनही म्हातारे दिवसभर वाजवतात, तुमच्याकडे एवढी हवा असून तुम्ही बसता. मी इरेला पेटलो. त्यांना चकित करायचं म्हणून मी महिनाभरासाठी त्यांची आर्काही मागून घेतली, दोन्ही ओळी सुतळीने एकमेकींना बांधल्या आणि घरी गॅरेजमध्ये बसून अख्खी धून एकट्याने बसवली. पेटीवाल्याची खोडच ती. सगळे सूर आपल्या हाताखाली पाहिजेत. महिना संपल्यावरच्या शनिवारी मी पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत न अडखळता वाजवून दाखवलं आणि शाबासकीसाठी वर पाहिलं.

बाईंनी सुतळी सोडली, आपली ओळ काढून घेतली आणि विचारलं, "मग मी कशाला?"

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी चहा करायला उठलो. चहा घेता घेता त्या म्हणाल्या, आमच्या गावात कुणालाच पूर्ण धून येत नाही. येऊच नये. एकटा वाजवणारा दिसला तर लोक काळजी करतात, याच्या घरी कुणी गेलंय की काय.

त्यानंतर घरी मी फक्त माझी इरा वाजवायचो, बाईंच्या जागा रिकाम्या सोडून. पूर्ण धून फक्त शनिवारी, हॉलमध्ये. मला आठवड्याचे बाकीचे सहा दिवस आठवत नाहीत, पण ते शनिवार आठवतात. खिडकीतून दिसणारी ट्राम, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ, इलेक्ट्रिक किटलीचा खडखडाट. मी एक सूर टाकायचा, त्यांनी लगेच पुढचा लावायचा. दोघांच्या मधली फट बुजली की वाटायचं तिसरंच कुणी वाजवतंय. त्या वेळी मला दापोडीची ताडपत्री आठवायची, घामेजलेली बोटं आठवायची, आणि बरं वाटायचं. इतकं बरं मला या देशात दुसरीकडे कुठे वाटलं नाही.

बाई काही सोवळ्या नव्हत्या. कॅन्टीनमध्ये बटाटे सोलताना त्यांच्या फोनवर त्यांच्याकडची आजकालची गाणी ढणाढणा वाजायची. इलेक्ट्रिक गिटार, सिंथेसायझर, घेरदार झगे घातलेल्या बायका आणि मागे दिव्यांची भिंत. मला वाटलं यांना ते आवडत नसेल, म्हणून मी आपलं दुःख सांगितलं. भाच्याने जयंतीचा व्हिडिओ पाठवला होता, आमच्या वस्तीत आता जलसा नाही, डीजे. छातीत धडधडेल असा आवाज. कुठे ती पेटी, कुठे हे.

"नाचतात का पोरं?" त्यांनी विचारलं.

"नाचतात की. वेड्यासारखी."

"मग तुला काय त्रास आहे? तू इथे येऊन बसलास. ते तिथे आहेत."

असं तोंडावर बोलायच्या. मला राग आला, दोन दिवस टिकला, मग गेला.

बायको या शनिवारांत कधीच नव्हती. तिची शनिवारी ड्यूटी असायची हे खरं. पण उन्हाळ्यात एक-दोन मेळ्यांत आम्ही वाजवलं तेव्हाही मी तिला ये म्हटलं नाही. बाई मला रुंद हॅट आणि शाल घालायला लावायच्या आणि त्या अवतारात तिच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटायची. दोघी बायका एकमेकींना ओळखायच्या त्या फक्त एका डब्यातून. पहिल्याच वर्षी बायकोने बाईंसाठी डब्यात पुरणपोळ्या दिल्या. रिकामा डबा परत द्यायचा नसतो हे मी बाईंना सांगितलं आणि ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की तो स्टीलचा डबा बारा वर्षं नुसता हिंडत राहिला. एकदा त्यात थंडीत गोठवून वाळवलेले त्यांच्याकडचे काळे बटाटे आले, दगडासारखे. बायकोने ते भिजवून कांदा-लसूण मसाल्यात रस्सा केला आणि रस्सा पुन्हा डब्यातून बाईंकडे गेला. बाई म्हणाल्या, "तुझ्या बायकोला सांग, आमच्या बटाट्याने आज पहिल्यांदा मला रडवलं." मी घरी आल्यावर सांगितलं. ती खूप हसली. तेव्हासुद्धा तिला हॉलला घेऊन जावं असं मला सुचलं नाही.

गेल्या वर्षी जुलैमध्ये बाईंनी सांगितलं की त्या रिटायर होऊन कायमच्या गावी जाणार. बहीण एकटी आहे. सप्टेंबरचं तिकीट काढलंय. मी वाईट वाटल्याचं बोललो, ते खरंही होतं. मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. या दोन ओळी त्यांच्या मामाने एकाच मोळीच्या बोरूतून, एकमेकींशी सूर जुळवत बनवल्या आहेत. ही जोडी फोडायची नसते.

"तुला आर्का वाजवणारं कुणी मिळालं तर दोन्ही इथेच ठेव," त्या म्हणाल्या. "नाही मिळालं तर माझ्याबरोबर दोन्ही जातील. एकटी इरा तुझ्याकडे ठेवून तू काय करणार? परत सुतळी बांधशील."

थट्टेत म्हणाल्या, पण मला ते लागलं. एक वाद्य मी एकदा मागे सोडून आलो होतो. आता दुसरं माझ्या हातातून जाणार होतं, तेही माझ्याकडे जोडीला माणूस नाही म्हणून. ज्याच्या घरात एकेकाळी पंधरा जणांच्या तालमी व्हायच्या, त्याच्याकडे एक माणूस नाही. मी ठरवलं, काहीही करून शोधायचा.

आधी एका गिटारवाल्याला विचारलं, तो मेळ्यांत आमच्याबरोबर असायचा. तो म्हणाला दोन्ही ओळी बांधून दे, माइक लावून मी एकटा वाजवतो. मग इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकलं. अकरा अंगठे आले आणि एकाने विचारलं, "काका, याचं काही अ‍ॅप आहे का?" एक निवृत्त डॉक्टर उत्साहाने हॉलवर आले, पण त्यांना इराच हवी होती, मागची ओळ म्हटल्यावर त्यांची पाठ दुखायला लागली. मला हसू आलं नाही, कारण बारा वर्षांपूर्वीचा मी मला समोर दिसत होता.

शेवटी कार्डिफला लेकीला फोन केला. ती तिथे युनिव्हर्सिटीत शिकवते.

"बाबा, सीरियसली? मी दर सॅटर्डेला कार्डिफहून येऊ?"

"महिन्यातून एकदा. धून तर तुला माहितीये."

"माहितीये ना, माझा पूर्ण टीनएज तेच ऐकलाय." आणि तिने फोनवर गुणगुणून दाखवलं. एक सूर, रिकामी जागा, दोन सूर, रिकामी जागा. जागा अगदी मोजून सोडल्या होत्या तिने.

"अगं, मधले सूर?"

"मधले कुठले? हे असंच आहे ना? आय थॉट इट जस्ट... थांबतं मधे मधे."

मी फोन ठेवला. माझ्या पोरीला वाटत होतं की अँडीजमधली माणसं उचकी लागल्यासारखी वाजवतात. त्यात तिची काय चूक?

त्या आठवड्यात हताश होऊन मी कुंपणावरून शेजारच्या आजींनाही विचारलं. त्यांनी हातातली कात्री ठेवून नम्रपणे सांगितलं की त्यांना दमा आहे.

रविवारी सकाळी बायको ओट्याशी पोहे भिजवत होती. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "अहो, गिटारवाल्याला विचारलंत. मंडळाच्या ग्रुपवर टाकलंत. लेकीला विचारलंत. शेजारच्या आजींनासुद्धा विचारलंत म्हणे."

"त्यांना आपलं सहज..."

"दमा आहे त्यांना. इनहेलर घेतात." ती वळली. हात पोह्यांचेच होते. "सगळ्या नॉटिंगहॅमला विचारून झालं. मग मी कशाला आहे?"

बाईंचेच शब्द. तिला ते कुणी सांगितले नव्हते, मीही कधी घरी बोललो नव्हतो. मी म्हणालो, "तुला कुठे फुंकता येतं?"

तिने हात धुतले, पुसले, बाहेरच्या खोलीतून माझी इरा आणली आणि ओट्याला टेकून वाजवली. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत, मधल्या सगळ्या रिकाम्या जागा सोडून. आवाज माझ्यापेक्षा मऊ. मी लेट शिफ्टला गेलो की ती अधूनमधून वाजवायची, किती वर्षं ते तिलाही आठवत नव्हतं. "वाजवून झालं की स्पिरिटच्या स्वॅबने पुसून ठेवायचे," ती म्हणाली. नळ्यांना कधीकधी स्पिरिटचा वास यायचा आणि मी समजायचो माझ्याच हातांना लॅबचा वास आहे.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही हॉलला एकदा तरी बोलावलंत का?"

मला इतकी लाज आधी त्या हॅटचीही वाटली नव्हती. पण आनंदही तेवढाच झाला होता, आणि आनंदात माणूस मूर्खपणा करतो. मी म्हणालो, "मग प्रश्नच मिटला! बाईंची ओळ तू शीक. शिकवतील त्या तुला."

"बाईंची ओळ मी कधी ऐकलीय? या घरात वाजलंय ते एवढंच." तिने इरा छातीशी धरली होती. "मला हेच येतं. आणि दापोडीपासून मी मागेच आहे. आता पुढचं मला द्या. तुम्ही मागे या."

सहा आठवडे उरले होते. ते मी आर्का शिकण्यात घालवले. बारा वर्षं जे सूर माझ्या शेजारी वाजत होते ते मला येत असतील असं वाटलं होतं, पण एकही येत नव्हता. मी ते कधी ऐकलेच नव्हते, मी फक्त माझी पाळी कधी येते ते ऐकत होतो. बाई शनिवारी मला झापायच्या आणि मग डब्याला काय आलंय ते बघायच्या. मागून येणं सोपं असेल ही माझी समजूत पहिल्याच दिवशी गेली. पुढचा घाई करतो, श्वास मध्येच घेतो, एखादा सूर गिळतो, आणि मागच्याने ते सगळं सांभाळून घ्यायचं, ऐकणाऱ्याला कळू न देता. बाईंनी माझी घाई बारा वर्षं सांभाळली होती. आणि कोरसमधल्या तिसऱ्या मुलीने त्याआधीपासून.

स्वयंपाकघरात आम्ही दोघांनी मिळून पहिल्यांदा वाजवलं तेव्हा धुनेच्या तिसऱ्या ओळीवर ती थांबली. मला वाटलं माझं चुकलं. तिचे डोळे भरले होते.

"असं होतं होय हे," ती म्हणाली. "आणि मी इतकी वर्षं तेवढंच गाणं समजत होते."

दुसऱ्या दिवशी आजी कुंपणावरून म्हणाल्या, "दुरुस्त करून घेतलंस वाटतं. छान झालं." मी हो म्हटलं.

शेवटच्या शनिवारी बायकोने ड्यूटी बदलून घेतली. हॉलच्या दारात दोघी एकमेकींना पहिल्यांदा भेटल्या आणि ओळख करून द्यायला मी पुढे झालो, पण त्यांनी मला बाजूलाच सारलं. डबा बायकोच्या हातात होता, भरलेला. ती म्हणाली, "हा आता तुमच्याकडेच राहू दे." बाई तो उघडूनही न पाहता कोटाच्या आत धरून खुर्चीवर बसल्या. बारा वर्षांत त्या हॉलमध्ये मी त्यांना नुसतं ऐकत बसलेलं पाहिलं नव्हतं.

आम्ही वाजवलं. दोनदा मोडलं, दोन्ही वेळा माझ्यामुळे. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत गेलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. उठून माझ्याजवळ आल्या, मामाने केलेल्या त्या नळ्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. जोडी इथेच राहणार होती.

"आता कळलं?" त्यांनी मला विचारलं.

"कळलं," मी म्हणालो. "सॉरी."

"मला नको म्हणूस," त्या म्हणाल्या, बायकोकडे मान करून.

त्यांना ट्राम पकडायची होती. खिडकीतून त्या स्टॉपकडे जाताना दिसल्या, एका हाताने कोटाखालचा डबा सांभाळत. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. या वेळी टॉयलेटमध्ये गेलो नाही. बायकोने मला रडू दिलं, मग खिशातून स्वॅब काढून इरेचं तोंड पुसलं.

"अहो, चला, पुन्हा एकदा. त्या अजून स्टॉपवरच आहेत, ऐकू जाईल त्यांना. आणि मी सुरू केल्याशिवाय फुंकायचं नाही."

मी आर्का ओठांशी नेली आणि तिच्या पहिल्या सुरासाठी थांबलो.